मुलगी जर्मनीला निघते तेव्हा

सांगलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. मुलगी मेकॅनिकल इंजिनियर झाली, पुढचं शिकायला जर्मनीला जायचं म्हणते. 'तिथे फी नसते असं ऐकलं होतं, पण एजंट वर्षाला दहा लाख फी सांगतो. हे म्हणतात, लग्नाचे पैसे मोडायचे नाहीत. मग मी माझ्या पाटल्या विकू का?'

ताई, पाटल्या तूर्त कपाटातच राहू द्यात. आधी त्या देशाची थोडी ओळख करून घेऊ.

जर्मनी आपल्या महाराष्ट्राहून थोडासाच मोठा, आणि वस्ती मात्र कमी, साडेआठ कोटींच्या आत. उत्तरेला सपाट मुलूख, एल्बे नदीवर हॅम्बुर्गचं मोठं बंदर. दक्षिणेला आल्प्सचे बर्फाचे डोंगर. पश्चिमेकडून ऱ्हाईन वाहते. तिच्यातून मालाच्या लांबलचक बोटी जा-ये करतात. तिला मिळणाऱ्या रूर नदीच्या परिसरात दगडी कोळसा निघायचा, म्हणून तिथे लोखंडाचे कारखाने उभे राहिले. पण खाणकामगारांच्या त्या दाट वस्तीत विद्यापीठ मात्र नव्हतं. बोखुमला ते १९६५ साली सुरू झालं, पाठोपाठ डॉर्टमुंडला. शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ साली बंद झाली. विद्यापीठं गजबजलेली आहेत.

मोटारी, यंत्रं, रसायनं ही या देशाची कमाई. मोठमोठ्या कंपन्यांची नावं आपण ऐकतो, पण लहान गावांतून पिढीजात चालणारे मधले कारखाने हा तिथला खरा कणा. रशियाचा स्वस्त गॅस २०२२ मध्ये तुटला, आणि २०२३ व २०२४ ही दोन्ही वर्षं उत्पन्न वाढण्याऐवजी किंचित घटलं. तेव्हा 'गेलं की नोकरी' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका हं.

आता फीचं कोडं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी खरोखरच शिकवणीची फी नाही, परदेशी मुलांनासुद्धा! सहा महिन्यांच्या सत्राला थोडी वर्गणी तेवढी द्यायची. अपवाद आहेत. ज्या स्टुटगार्टकडे आपल्या मेकॅनिकलवाल्यांचे डोळे लागलेले असतात, त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी लावली. पण दहा लाख? माझा अंदाज, एजंटनं खाजगी संस्था सुचवली असावी. तशाही संस्था तिथे आहेत आणि मुलं पाठवणाऱ्याला त्यांच्याकडून दलाली मिळू शकते. त्याला सरळ विचारा, "संस्था सरकारी की खाजगी?" आणि उत्तर लेखी मागा. सरकारी विद्यापीठाचा अर्ज मुलगी घरी बसून स्वतः करू शकते. पदवी झालेली आहे, हे बरंच झालं. नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही.

मग पैसे लागतच नाहीत का? लागतात ना! व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्या-जेवणाचा खर्च आधी खात्यात भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. हे पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत. तिथे पोचल्यावर मुलीलाच दरमहा ९९२ युरो मिळतात. आरोग्यविमा त्यातूनच भागवायचा, आणि म्युनिकसारख्या शहरात खोलीचं भाडंच निम्मा घास घेतं. म्हणून लहान शहर बघा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण त्या भरवशावर दुसऱ्या वर्षाचा हिशेब मांडू नका. यासाठी शैक्षणिक कर्ज बघा, आणि ते कुणाच्या नावावर निघणार हे यजमानांशी बसून बोला. पाटल्यांचा विचार त्यानंतर.

आणखी दोन कामं आत्ताच करायची. भारतातल्या मुलांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाआधी पदवीची कागदपत्रं तपासल्याचं 'एपीएस' प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो. दुसरं म्हणजे भाषा. एम. एस्सी.चे पुष्कळ अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत, खरं. पण त्या मधल्या कारखान्यांत कामाची बोली जर्मनच. शिक्षणानंतर नोकरी शोधायला दीड वर्ष मिळतं. ते भाषा शिकण्यात घालवणं परवडायचं नाही. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे वर्ग चालतात.

जाताना एक करा. बॅगेत साजूक तूप किंवा पेढे भरू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मेतकूट आणि भाजलेला रवा द्या. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात, आणि शनिवारी रात्री पोचलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी भूक तर लागणारच.