वेंगुर्ला रोडच्या टोकाला बंदर होते

हिंडलग्यावरून शिनोळीकडे जाणाऱ्या रस्त्याला बेळगावात आजही सगळे वेंगुर्ला रोडच म्हणतात. तरुण पोरांना तो आंबोलीला भिजायला जाण्याचा रस्ता वाटतो. आपल्या जुन्या घराण्यांतील मंडळींना मात्र ठाऊक आहे की बेळगावचे बंदर वेंगुर्ला होते. सतराव्या शतकात डचांनी तेथे वखार घातली. १८१२ मध्ये वेंगुर्ला इंग्रजांकडे गेले आणि पुढे बेळगावच्या छावणीचे सामान घाटावर चढू लागले, घाटावरचा कापूस खाली उतरू लागला. मग १८८७-८८ च्या सुमारास बेळगावला रेल्वे आली, लोंढा-कॅसलरॉकमार्गे ती मुरगावला भिडली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. समुद्र तोच होता, गलबतेही तीच. बंदरामागची वाट बदलली, एवढेच.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे २०२५ चा किनारी नौवहन कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९५८ च्या जुन्या कायद्यानुसार भारतीय जहाजालाही आपल्याच किनाऱ्यावर माल नेण्यासाठी परवाना लागत असे! ती अट आता गेली. परदेशी जहाजांना परवाना लागेलच. मात्र आयात-निर्यातीचे कंटेनर आपल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेण्याची मुभा त्यांना मे २०१८ मध्येच मिळाली आहे. मोठ्या कंपन्यांनी आपल्या किनाऱ्यावर लहान जहाजांच्या फेऱ्या वाढवाव्यात, अशीच ही रचना आहे. जगात हे नवीन नाही. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीने २०११ मध्ये युरोपातल्या जवळच्या बंदरांसाठी सीगो लाइन ही स्वतंत्र कंटेनर सेवा सुरू केली. २०१८ मध्ये ती सीलँड या नावाखाली गेली आणि २०२३ मध्ये सीलँड हे नावही मूळ कंपनीत मिटवण्याचे जाहीर झाले. थोडक्यात, अशी लाइन आली म्हणून पेढे वाटू नयेत. मोठ्या जहाजाचे पोट भरण्यासाठी ही लहान जहाजे असतात, आणि पाटी कधी बदलेल ते मालकाला ठाऊक.

तरीही बेळगाव-निपाणीच्या माणसाने याकडे लक्ष द्यावे, असे आम्ही म्हणतो. उद्यमबागच्या फाउंड्रीतले कास्टिंग परदेशी निघते तेव्हा ते सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या न्हावाशेवाला जाते. मुरगाव बंदर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या अंतरावर आहे. मग ट्रक उलटा का धावतो? न्हावाशेवाला जहाज रोज मिळते, म्हणून. मुरगावहून नेमाने सुटणारी छोटी लाइन असेल, तर तोच कंटेनर समुद्रमार्गे न्हावाशेवाला किंवा कोलंबोला जाऊन मोठ्या जहाजावर चढू शकतो. मात्र येथे हिशेब दुहेरी आहे. कंटेनर जितक्या वेळा उचलावा तितका खर्च. थोड्या अंतरात ट्रकच स्वस्त पडतो. अंतर वाढले आणि परतीचा माल मिळाला, तरच समुद्र परवडतो.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. व्याज रविवारीही धावते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. एका कारखानदाराने निर्यातीच्या मालावर २० लाखांचे पॅकिंग क्रेडिट उचलले आणि जहाज हुकल्यामुळे माल दहा दिवस पडून राहिला, तर ९ टक्क्यांनी सुमारे ४,९३० रुपये नुसते व्याज होते. बिल ऑफ लेडिंग हाती आल्याशिवाय त्याचे पैसे सुटत नाहीत. अशी तोंडे आम्ही पाहिली आहेत. एक गृहस्थ तर रोज अकराच्या ठोक्याला येऊन, आमच्याशी दोन शब्द बोलून, काही न विचारता परत जात. म्हणून आमच्या मते वेगवान जहाजापेक्षा ठरल्या दिवशी सुटणारे जहाज मोलाचे.

निपाणीचे गणित वेगळे आहे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली जिथे तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले, त्या निपाणीचा विडीचा तंबाखू देशातच दूरवर जातो. केरळसारख्या किनारी राज्याकडे जाणाऱ्या अशा मालाला तरी किनारी कंटेनर जमतो का, हे व्यापाऱ्यांनी एकदा मांडून पाहावे.

खरी अडचण घाटात आहे. कॅसलरॉक ते कुळे ही चढण १:३७ ची, मागून इंजिने लावून गाडी वर ढकलावी लागते. तिथल्या दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. गोव्यातल्या लोकांचा कोळशाच्या धुळीला असलेला विरोध आम्हाला रास्त वाटतो. आपल्या कास्टिंगसाठी त्यांच्या घरात काजळी जावी, असे आम्ही म्हणणार नाही. पण बंद कंटेनर आणि उघडा कोळसा यांना एकाच तराजूत घालू नये. दुसरी वाट कोकणात उतरते. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग २०१६ च्या अर्थसंकल्पात आला. त्याची वाट पाहणाऱ्यांचे केस पिकू लागले. आंबोलीचा घाट महाराष्ट्रात, चोर्ल्याचा उतार गोव्यात आणि कारखाना कर्नाटकात. तीन राज्यांच्या फायलींत आपला माल कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावरची आपली भूमिका तसूभरही बदललेली नाही. पण निकाल लागेपर्यंत पोटापाण्याचा विचारच करायचा नाही, हे आम्हाला पटत नाही. बेळगावची पोरे पुण्याला जातात ती हौसेने नव्हे.

नव्या कायद्यात किनारी आणि अंतर्गत जलवाहतुकीचा राष्ट्रीय आराखडा दोन वर्षांच्या आत करण्याची तरतूद आहे. कंपनी येते ती आकडे पाहून, आणि आपले आकडे कोठेही एकत्र नाहीत. बेळगावचे बेळगावात, निपाणीचे कोल्हापूरच्या दलालाकडे, खानापूरचे तर कोणाकडेच नाहीत. आपल्या घरांत कारखानदार आहेत, वखारवाले आहेत, क्लिअरिंगची कामे करणारे आहेत. प्रत्येकाने गेल्या बारा महिन्यांत किती कंटेनर, कोणत्या मालाचे, कोणत्या बंदराला पाठवले आणि परतीला काय आणले, एवढे एका कागदावर लिहून संघटनेच्या कार्यालयात द्यावे. भाव आणि गिऱ्हाइकाचे नाव लिहू नये, ते आम्हाला नको. बेरीज करायला आम्ही रविवारी सकाळी बसतो.