सोन्याची खाण आणि लाभांशाचे त्रैराशिक

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या पुतण्याने काहीतरी पाठवलंय, जरा वाचून सांगा. मला त्यातलं 'सोनं' तेवढंच कळलं."

पुतण्या अमेरिकेत असतो. हुशार आहे, आईवर माया आहे. गावचे घर विकून आलेले पैसे आईच्या नावे मुदत ठेवीत पडून आहेत, हे त्याला बघवत नाही. म्हणून त्याने न्यूमॉन्ट या सोन्याच्या खाणकंपनीची ओळख करून देणारे एक टिपण पाठवले, खास लाभांशासाठी शेअर घेणाऱ्यांकरता लिहिलेले. त्याचे म्हणणे असे की पैसे इथे लावू, दर तीन महिन्यांनी डॉलरमध्ये लाभांश येत जाईल, आणि शेवटी सोने ते सोनेच!

टिपण मी दोनदा वाचले. अडलेले शब्द नातवाला विचारले. फोनवर मी लवकर तापतो (घरातल्या सर्वांना ठाऊक आहे), म्हणून इथेच लिहितो. पुतण्या हे पान वाचतो. रागावू नकोस रे, पण तुझे गणित चुकले आहे.

कंपनी लहानसहान नाही, हे आधीच मान्य. १९२१ साली विल्यम बॉइस थॉम्पसन नावाच्या गृहस्थांनी ती काढली. न्यूयॉर्क आणि मोंटाना ही दोन नावे जोडून 'न्यूमॉन्ट' झाले म्हणतात. नेवाडा, पेरू, घाना, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी... भूगोलाचा अर्धा तास सहज जाईल इतक्या ठिकाणी तिच्या खाणी झाल्या.

आता लाभांश. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने सांगितले की आमचा लाभांश आम्ही सोन्याच्या भावाशी बांधतो. औंसाला १२०० डॉलर भाव धरून शेअरमागे वर्षाला १ डॉलर हा पाया, आणि भाव त्याच्या वर गेला की जादा पैशातला काही हिस्सा भागधारकाला. २०२२ साली सोने सरासरी १८०० च्या आसपास होते आणि लाभांश मिळाला २ डॉलर २० सेंट. इथपर्यंत समप्रमाण झाले. २०२३ मध्ये मिळाले १ डॉलर ६० सेंट. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाव दोन हजारांवर असताना कंपनीने लाभांश वर्षाला १ डॉलरवर आणला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने ४००० डॉलर ओलांडले, त्या वर्षीही भागधारकाच्या हाती १ डॉलरच!

म्हणजे सोने दुपटीहून वर आणि लाभांश निम्म्याहून खाली. सातवीच्या पोराने त्रैराशिकात असे उत्तर काढले असते तर मी वही परत दिली असती.

बरे, हे पहिल्यांदा झाले असेही नाही. २०११ मध्येही त्यांनी लाभांश भावाशी बांधला होता. २०१२ ला १ डॉलर ४० सेंट, आणि २०१५ ला १० सेंट. तेव्हा निदान भाव तरी पडला होता.

असे का होते, याचा मी बराच विचार केला. आपल्याकडे आंब्याचे झाड असते आणि धान्याची कणगी असते. झाड दरवर्षी फळ देते आणि उभे राहते. कणगीतून रोज पायली काढली तर ती एक दिवस रिकामी होते. खाण ही कणगी आहे. त्यातून येणाऱ्या लाभांशात नफा किती आणि आपलाच साठा विकून आलेले किती, हे टिपणात कुठेही वेगळे काढून दाखवलेले नाही. माझा मुख्य राग याच गोष्टीवर आहे.

कणगी रिकामी होऊ नये म्हणून कंपनी काय करते? शेजाऱ्याची कणगी घेते. २०१९ मध्ये गोल्डकॉर्प घेतली, २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाची न्यूक्रेस्ट. पैसे मुख्यतः नवे शेअर छापून दिले. २०१८ अखेर सुमारे ५३ कोटी असलेले शेअर २०२३ अखेर सुमारे ११५ कोटी झाले. पंगत दुप्पट झाली, मग वाढप्याने हात आखडता घेतला तर नवल काय! त्यात डिझेल, मजूर, यंत्रे, सगळे महाग. एक औंस काढण्याचा सगळा मिळून खर्च २०१९ मध्ये ९६६ डॉलर होता, तो २०२३ मध्ये १४४४ झाला. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या पेन्यास्कितो खाणीत चार महिने संप होता.

आणखी एक खर्च आहे, तो टिपणात 'पर्यावरणविषयक जबाबदाऱ्या' अशा गुळगुळीत शब्दांत उरकला आहे. पेरूत यानाकोचा नावाची मोठी खाण आहे. न्यूमॉन्टचा तिच्यात निम्म्याहून अधिक वाटा होता. २ जून २००० रोजी तिथून पारा घेऊन निघालेल्या ठेकेदाराच्या ट्रकमधून सुमारे दीडशे किलो पारा चाळीसेक किलोमीटर रस्त्यावर सांडत गेला. चोरोपांपा हे त्या रस्त्यावरचे गाव. चकचकीत गोळ्या बघून लोकांनी त्या हातांनी गोळा केल्या, घरी नेल्या, पोरे खेळली. शेकडो माणसे आजारी पडली. मी पस्तीस वर्षे पोरांमध्ये काढली आहेत. पाऱ्याची गोळी दिसल्यावर कुठलेही पोर काय करील हे मला कोणी सांगायला नको. पुढे त्याच भागात कोंगा हा नवा प्रकल्प आला, तेव्हा पाण्याच्या तळ्यांसाठी लोक रस्त्यावर उतरले. जुलै २०१२ मध्ये पाच जण मारले गेले आणि प्रकल्प थांबला. हे सगळे लाभांशाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसते?

पुतण्या म्हणेल, काका, २०२५ मध्ये हा शेअर दुपटीहून वर गेला, ते का लिहीत नाही? लिहितो. गेला. ज्याने घेतला त्याचे भले झाले. पण ती भावातली कमाई, विकेल तेव्हा हाती येणारी. तुझ्या आईला दर तीन महिन्यांनी औषधे आणायची आहेत. २०२५ अखेर शेअर शंभर डॉलरच्या आसपास आणि लाभांश एक डॉलर, म्हणजे लाखाला वर्षाचे हजार रुपये. त्यातूनही अमेरिका भारतातल्या भागधारकाचे २५ टक्के आधी कापून घेते. इथल्या करातून ते वळते करून घेता येतात म्हणे, पण त्यासाठी फॉर्म भरा, कागद जोडा. वहिनींना बँकेत केवायसीला नेले होते तेव्हा दोन खेपा झाल्या, ते तुला कळवले होतेच.

तुझ्या पैशाचे तू काय करायचे ते कर, तू कमावता आहेस. घर मात्र दादाने बांधलेले होते. त्याच्या पैशांना हात लावण्याआधी आपण तिघे फोनवर बसू.

वहिनी, गुरुवारी सकाळी येतो. ठेवीच्या पावत्या काढून ठेवा, एकीची मुदत या महिन्यात संपते आहे असे वाटते. आणि भाजणी असली तर थालीपीठ!