वसई-विरारकरांनो, टूथपेस्टचं खोकं उलटं करून वाचा!

नालासोपारा असो, विरार असो की वसई रोड, स्टेशनाबाहेरच्या कुठल्याही दुकानात पेस्टच्या खोक्यांवर लवंग, कडुनिंब, कोळसा यांची चित्रं दिसतात आणि ठळक अक्षरांत 'फ्लोराइडमुक्त'. फ्लोराइड काढलं हे समजलं. त्याच्या जागी घातलं काय, हे कोण सांगणार?

दाताचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने ते सुमारे ९६ टक्के खनिज असतं, मुख्यतः हायड्रॉक्सीअपेटाइट. दात बाहेर आला की हे कवच घडवणाऱ्या पेशी उरत नाहीत; गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. आपली सुकेळीच घ्या. वाळवलेल्या राजेळी केळ्याचा गोड, चिकट तुकडा दाढेच्या खाचेत बसला की जंतूंचं फावतं, आम्ल तयार होतं आणि खनिज विरघळू लागतं. ते परत बसवायला लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट लागतं, आणि फ्लोराइड त्या कामाला जोर देतं. लवंगेने ठणका कमी होतो, पण खनिज भरून निघत नाही. कोळशाची भरड पूड तर असलेलं इनॅमलही झिजवते.

विदर्भातल्या डागाळलेल्या दातांचे फोटो दाखवून आपल्याला घाबरवलं जातं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांचं दुखणं खरं आहे, पण ते बोअरच्या पाण्यातून रोज पोटात जाणाऱ्या जादा फ्लोराइडचं आहे. चूळ भरून थुंकायच्या पेस्टशी त्याची गाठ घालणं ही शुद्ध दिशाभूल आहे! बोअरचं किंवा टँकरचं पाणी पीत असाल तर ते जरूर तपासून घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्या.

तरीही फ्लोराइड नकोच असेल, तर हायड्रॉक्सीअपेटाइट असलेली पेस्ट मागा. जपानने १९९३ साली ते दातकिडीविरुद्धचं द्रव्य म्हणून मान्य केलं. पोलंडमधल्या प्रौढांवरच्या १८ महिन्यांच्या चाचणीत (२०२३) ते फ्लोराइडच्या तोडीस उतरलं. फ्लोराइडच्या पाठीशी मात्र कित्येक दशकांचा पुरावा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइड पेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आपल्या कायद्याने पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या वर चालत नाही आणि ते प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापावंच लागतं. 'इनॅमल मजबूत' म्हणणाऱ्या प्रत्येक फ्लोराइडमुक्त पेस्टवरही खनिजाचं नाव आणि टक्केवारी छापण्याची सक्ती केंद्र सरकारने करावी, ही आमची मागणी आहे. तोवर ज्या खोक्यावर हे छापलेलं नाही, ते दुकानदाराला परत करा.

आणि मशेरी! दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी आली, तरी तव्यावर तंबाखू भाजून घरोघरी मशेरी होतेच आहे. आया-बहिणींनो, ती आजच बंद करा. हिरडी सुजली, दाढ दुखली तर मशेरी दाबून दिवस काढू नका. विरार फास्ट मुंबई सेंट्रलला थांबते, आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय त्या स्टेशनाजवळच आहे.