हसन बदलत नाही म्हणे!

माइक फ्लॅनॅगनच्या ‘मिडनाइट मास’चे (२०२१) चाहते रायलीचा अपराधभाव, त्याचं दारू सोडणं, फादर पॉलचा मोह, सगळं अगदी सोलून काढतात. शेरीफ हसनपाशी आले की मात्र विश्लेषण संपतं. ‘मुसलमान चांगला दाखवलाय’ एवढीच शाबासकी, आणि वर शेरा, की या पात्राची वाढ होत नाही.

नाही होत? न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात आपल्याच माणसांवर पाळत ठेवायला हा हरकत घेतो आणि स्वतःच संशयित ठरतो. बायको कॅन्सरने जाते. क्रॉकेट बेटावर येतो, तर बेव्ह कीन सरकारी शाळेत बायबल वाटतेय. त्यात व्हीलचेअरवरची लीझा उठून चालते आणि त्याचा अली चर्चकडे ओढला जातो. ते चालणं पाहिल्यावर या बापलेकांपुढे प्रश्न एकच उरतो: मग अलीची आई का वाचली नाही?

मीही बाप आहे. या जागी मी काय केलं असतं, कोण जाणे! हसन आधी अडवतो, चिडतो. पण ईस्टरच्या रात्री पोराचा हात न सोडता त्याच चर्चमध्ये जाऊन बसतो. ईमान तेच, बाप मात्र बदललेला. हे दिसत नसेल, तर ‘वाढ’ म्हणजे श्रद्धा सोडणं किंवा गमावणं एवढंच तुम्हाला कळतं.

(पुढे शेवट आहे. मालिका पाहिली नसेल, तर इथेच थांबा.)

बेव्ह हसनवर गोळी झाडते. त्याचं अर्धं राहिलेलं काम अलीच पुरं करतो, आग लावतो. मग वाळूत दोघं शेजारी शेजारी फजरच्या नमाजला उभे राहतात, आणि सूर्य उगवतो.