शिक्षा भोगली तरी फिटत नाही

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ माणसं, हातात बेड्या. तिघं आपल्या महाराष्ट्रातली. बेड्यांवर चार दिवस बोलणं झालं, मग सगळे गप. मी पुढचं विचारतो. यातला कुणी पोटासाठी पुन्हा तिकडं गेला, तर त्याचं काय होणार?

तडीपार माणूस मुंबईच्या हद्दीत दिसला की पोलीस उचलतात, हे आपल्याला माहीत आहे. अमेरिका अख्खीच तशी हद्द. हाकललेला माणूस परवानगीशिवाय परत आला की दोन वर्षांपर्यंत कैद. हा गुन्हा १९२९ साली जन्माला घातला. त्यामागं होता सिनेटर कोलमन ब्लीझ, काळ्यांना झुंडीनं मारण्याचं उघड समर्थन करणारा. बाप कोण ते ध्यानात ठेवा.

खरी गोम पुढंच आहे. रेकॉर्डवर आधीचा मोठा गुन्हा असेल तर त्याच दोन वर्षांची दहा होतात. ‘ॲग्रॅव्हेटेड फेलनी’ असेल तर वीस. सीमा तीच, पावलं तीच. १९८८ ला हे नाव आलं तेव्हा त्यात खून, ड्रग्ज आणि हत्यारांचा धंदा होता. १९९६ ला एक वर्षाच्या शिक्षेची चोरीसुद्धा त्यात कोंबली. शिक्षा स्थगित झाली, माणूस एक दिवस आत गेला नाही, तरी ती मोजायची!

शिक्षेसाठी तिथं गुणांचा तक्ता असतो. या गुन्ह्याचे मुळात ८ गुण. कोऱ्या माणसाला शून्य ते सहा महिने. २०१६ पर्यंत काही जुन्या गुन्ह्यांपायी वर १६ गुण चढायचे. कबुलीची सूट सोडली तर किमान ५१ महिने. वर तोच गुन्हा पूर्वेतिहासाच्या रकान्यात पुन्हा धरायचा. आम्ही गोदीत एकाच गोणीचे दोनदा पैसे मागितले तर मुकादम लाथ घालील. २०१६ ला तक्ता बदलला. हद्दपारीआधीच्या गुन्ह्याचे आता जास्तीत जास्त १० गुण. ओझं हलकं झालं, उतरलं नाही.

आणि हा जुना गुन्हा आरोपपत्रात लिहावा लागतो का? नाही! १९९८ ला आल्मेंदारेझ-टोरेस खटल्यात सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी तसं ठरवलं. ज्युरी नको, जज्जानं कागद बघितला की झालं. त्या माणसाला ८५ महिने पडले. पाचांतले न्यायमूर्ती थॉमस यांनी २००० साली दुसऱ्या निकालात लिहून टाकलं, की तेव्हा आपलं चुकलं. २०२४ पर्यंत कोर्टानं तो निकाल काही रद्द केला नाही. जज्जाची चूक एका परिच्छेदात संपते. मजुराची जन्मभर नावावर राहते.

म्हणतील, सराईत गुन्हेगाराला मोकळं सोडायचं काय? कोण म्हणतं सोडा? नवी चोरी केली तर चोरीची शिक्षा द्या. पण बायकापोरं पलीकडं असलेला बाप सीमा ओलांडतो, ती चोरी नव्हे. जुन्या चोरीचा हिशेब तो तुरुंगात चुकता करून आलाय. चुकत्या हिशेबावर पुन्हा वसुली करणाऱ्याला आपल्या वस्तीत सावकार म्हणतात. तिकडं त्याला कायदा म्हणतात.

मित्रांनो, बेड्या फोटोत दिसतात. हा तक्ता दिसत नाही. म्हणून तो वाचा, आणि दुसऱ्याला वाचून दाखवा.