रविवारचे दोन तास कोण देणार?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी यांबद्दल लिहितो. या वेळी पीक जरा बांधावर ठेवून पोरांचा विषय घेतो. विषय शेतीचा नाही असे कुणाला वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका माध्यमिक शाळेत स्काऊटचे पथक चालवणारे सर आमच्याकडे गट ऑफिसात आले. पोरांना शिबिराला न्यायचे होते, त्यासाठी एखाद्या सभासदाची ट्रॅक्टर-ट्रॉली मिळवून द्या म्हणाले. आम्ही सांगितले, सर, ट्रॉलीत ऊस भरतात, पोरं भरायची नाहीत, एसटीने न्या. त्यावर ते म्हणाले, "साहेब, एसटीने नेतो, पण अठ्ठावीस पोरांमागे मोठं माणूस मी एकटाच. तुम्ही एक रविवार येता का?" एक रविवार म्हणून गेलो, ते अजून सुटलो नाही.

या सहा वर्षांत जे पाहिले ते सभासदांपुढे मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी थोडी माहिती. बेडन-पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९०७ साली ब्राऊन्सी नावाच्या बेटावर वीसेक पोरांचे पहिले शिबिर भरवले. त्यात बड्या शाळांत शिकणारी श्रीमंतांची मुले होती आणि कामकऱ्यांचीही होती, आणि सगळी एकत्र राहिली. आपल्याकडे सुरुवातीला सरकारी पथकांत देशी मुलांना जागा नव्हती. तेव्हा डॉ. ॲनी बेझंट यांनी दक्षिणेत आणि पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी उत्तरेत आपली स्वतःची पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संस्था एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली, आणि १९५१ साली मुलींची गाईड संघटनाही तीत आली. तेव्हा "ही इंग्रजांची कवायत, आपल्याला काय करायची?" असे जे पारावर बोलले जाते, त्यात तथ्य नाही. बाहेरून आणलेलं बेणंसुद्धा आपल्या रानात रुजलं की आपलंच होतं.

प्राथमिक शाळेत कब आणि बुलबुल, पुढे दहाव्या वर्षापासून स्काऊट आणि गाईड. सहा-आठ पोरांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्यापुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी पायरी आहे. कागदावर हे सगळे नीट आहे. अडते ते एकाच ठिकाणी. पोरांच्या रांगेमागे उभे राहणारे मोठे माणूस नाही.

आता शिबिरात काय होतं ते सांगतो. पहिल्या रात्री पाचवी-सहावीतली एक-दोन पोरं आईच्या आठवणीनं रडतातच. त्यांना गप्प करायचं, पण हसायचं नाही, आणि दुसऱ्यांनाही हसू द्यायचं नाही. डिसेंबरची थंडी, कुणी पांघरूणच आणलेलं नसतं. भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. मग घरून बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तारून नेते. कुणाच्या पायात काटा, कुणाला हगवण, कुणी चुलीवर हात भाजून घेतलेला. पहाटे चारला आपण जागे, आणि सकाळी सातला पालकाचा फोन: "आमच्या बाळूला थंडी वाजली का हो?" या कामाला पगार नाही, भत्ता नाही. उलट पदरचे पैसे जातात. तरी ते सर वर्षानुवर्षे करत आले आहेत.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्या चुकीची आहे.

तीन वर्षांपूर्वी एका सभासदाच्या पडीक रानात दोन दिवसांचे शिबिर होते. जवळून उजनी कालव्याचा फाटा जातो, आणि त्या वेळी आवर्तन सुटलेले होते. दिवेलागणीला रांग लावून मोजली तर पोरे सत्तावीस भरली. परत मोजली, पुन्हा सत्तावीसच. सहावीतला एक मुलगा नव्हता. सर एका बाजूला धावले, आम्ही कालव्याच्या कडेने बॅटरी घेऊन निघालो. मागे सत्तावीस पोरं अंधारात एकटी, कारण तिसरं माणूसच नव्हतं. त्या वीस मिनिटांत पाण्याकडे बघताना काय वाटलं असेल ते ज्याच्या घरी लेकरू आहे त्याला सांगायला नको. पोरगं शेवटी शेजारच्या वस्तीवर सापडलं. करपलेलं पातेलं राखेनं घासायला म्हणून गेलं होतं, आणि तिथल्या म्हातारीनं त्याला दूध-भाकरी वाढून बसवलं होतं.

त्या मुलाला आम्ही एक शब्द बोललो नाही. चूक त्याची नव्हती, आमची होती. वाहत्या पाण्याजवळ अठ्ठावीस पोरे घेऊन दोन माणसांनी जायलाच नको होते. त्या दिवसापासून आमचा नियम झाला: चार मोठी माणसे मिळाली तर शिबिर, नाहीतर नाही. आणि सांगायला वाईट वाटते, त्यानंतर दोन शिबिरे माणसांअभावी रद्द करावी लागली.

माणसे जास्त का पाहिजेत याला आणखी एक कारण आहे, आणि ते स्पष्ट बोललेले बरे. एका मोठ्या माणसाने एका लेकराला घेऊन एकटे राहू नये, निदान दोघे असावेत. मुलींच्या पथकाबरोबर बाईमाणूस असलेच पाहिजे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर तर याविषयी शंकाच राहू नये. यात कुणावर अविश्वास नाही. चांगल्या माणसाला कारखान्याच्या वजनकाट्याची भीती नसते, तसंच हे आहे.

"ही शिक्षकांची कामं आहेत," असे काही सभासद म्हणतात. शिक्षकांनी वर्ग घ्यायचा, परीक्षा घ्यायच्या, निवडणूक आणि जनगणना करायची, आणि रविवारी पुन्हा आपलीच पोरं सांभाळायची? त्यांना घरदार आहे की नाही? शिवाय स्काऊटमास्तर हा शिक्षकच असला पाहिजे असे कुठे आहे? शाळेबाहेरची खुली पथकेही असतात. संस्थेमार्फत मोठ्या माणसांचे प्रशिक्षण होते, आधी बेसिक, मग ॲडव्हान्स्ड, पुढे हिमालय वूड बॅज. शेतकऱ्याने, ड्रायव्हरने, पतसंस्थेच्या क्लार्कने ते करावे.

"आम्हाला येतं काय?" असेही विचारतात. सभासदहो, तुम्हाला येतं ते पुस्तकात आहे. खुंट्याला दावं बांधताना जी गाठ तुम्ही डोळे मिटून मारता, तिला स्काऊटच्या पुस्तकात क्लोव्ह हिच म्हणतात आणि ती शिकायला पोरांना तास जातो. विहिरीत पडलेल्या माणसाच्या काखेखालून टाकायचा, ओढला तरी न आवळणारा फासा, चूल मांडणे, चांदणीवरून दिशा ओळखणे, वारा बघणे, हे सगळं तुमच्याकडे आहे. पोरं मात्र शहरातल्यासारखी होत चालली आहेत. बापाच्या रानाचा गट नंबर ठाऊक नाही अशी पोरं आम्ही पाहिली आहेत.

अर्थात काही गोष्टी आपल्यालाही नव्याने शिकाव्या लागतात. उसाच्या फडात नाग, घोणस, मण्यार नवीन नाहीत. आम्ही शाळेत असताना साप चावला की वर दोरी करकचून आवळायची, ब्लेडने चिरायचे, रक्त चोखायचे, असे शिकवत. आज हे सगळे चुकीचे ठरले आहे. माणसाला धीर द्यायचा, चालू द्यायचे नाही, चावलेला हात किंवा पाय काठी-फळी लावून हलणार नाही असा ठेवायचा, अंगठी-कडं काढून घ्यायचं आणि १०८ ला फोन करून सरळ दवाखान्यात न्यायचं. औषध तिथेच आहे, मांत्रिकाकडे नाही. पथकातली पोरं आता स्काऊटची काठी आणि गळ्यातला स्कार्फ घेऊन हे पाच मिनिटांत करून दाखवतात. गेल्या वर्षी एका पोराने घरी जाऊन आजोबांशी यावरून वाद घातला म्हणे. असला वाद झालेला बरा.

आता खरी कमाईविषयी. पोरं ठराविक दिवसांत घरोघर जातात, छोटं काम करतात, मिळालेले पैसे कार्डावर लिहून घेतात. आपले काही सभासद दारात पोरगं दिसलं की दहाची नोट काढतात आणि "काम राहू दे, जा" म्हणतात. हेतू चांगला, पण त्याने खरी कमाई खोटी होते. पोराला गोठा झाडायला लावा, पाचट गोळा करायला लावा, गाडी पुसायला लावा, आणि मग पाच रुपये द्या. हातातला पैसा घामाचा आहे हे त्याला कळले पाहिजे. तसेच जे पालक पोराच्या वहीत न केलेल्या कामावर सही करून प्रमाणपत्राची घाई करतात, त्यांनाही हात जोडून सांगणे आहे. पोराला पहिला खोटेपणा घरातून शिकवू नका.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो.

गेल्याच्या गेल्या हंगामात बीडकडच्या एका टोळीतला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा रविवारी मैदानाच्या कडेला येऊन उभा राहायचा. तीन रविवार नुसता बघत होता. चौथ्या रविवारी सरांनी त्याला आत बोलावले. त्यावर एक-दोन पालक कुरकुरले, चार महिन्यांनी जाणाऱ्या पोराला घेऊन काय करायचं? सरांनी ऐकले नाही. त्या दिवशी गाठींचा पाठ होता. या पोराने दोरी बाजूला ठेवली, उसाच्या वाढ्याच्या पातीला पीळ दिला आणि आमच्यासमोर अशी मोळी आवळली की दोघा पोरांनी ओढूनही सुटली नाही. मग आपल्या सभासदांची पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. मार्चमध्ये टोळी गावी गेली. जाताना त्याने स्कार्फ नीट घडी करून सरांकडे परत दिला. सर म्हणाले, ठेव तुझ्याकडेच.

ब्राऊन्सी बेटावर पहिल्या शिबिरात जे झाले, ते आपल्या शाळेच्या मैदानावर, फडाच्या कडेला झाले. आपण सहकार म्हणतो तो यापेक्षा वेगळा काय आहे?

आम्हाला ठाऊक आहे, सभासदांना वेळ नाही. रात्रीची लाईट आली की दारे धरायला जावे लागते, तोडणीचा प्रोग्रॅम लागला की झोप नाही. शिबिराचा हंगाम आणि गळिताचा हंगाम एकच; ७ नोव्हेंबरचा ध्वजदिन यायचा तो बॉयलर पेटण्याच्या गडबडीत, आणि २२ फेब्रुवारीचा बेडन-पॉवेल यांचा जन्मदिवस ऐन गळितात. आम्हीही रविवारी मैदानावर उभे असताना खिशातला फोन तोडणीसाठी वाजतच असतो. पण आठवड्यातले दोन तास एका माणसाला जड असतील, तरी गटातल्या आठ माणसांनी पाळी लावली तर महिना-दोन महिन्यांत एकदाच येतात. पाण्याची पाळी आपण लावतोच की.

आमच्या मागण्या तीनच. प्रत्येक गटातून निदान दोन पुरुष आणि दोन महिला सभासदांनी जवळच्या शाळेत जाऊन पथकासाठी नाव द्यावे. शिबिराला कालव्यापासून आणि उघड्या विहिरीपासून लांब असलेले रान दोन दिवस वापरायला द्यावे. आणि खरी कमाईचे पोर दारात आले तर त्याला काम द्यावे.

उसाला बाळबांधणी वेळेवर झाली नाही, तर पुढे मोठी बांधणी कितीही झकास केली तरी नुकसान भरून येत नाही, हे आम्ही तुम्हाला दरवर्षी सांगतो आणि तुम्ही मान डोलावता. पोरांच्या बाबतीतही तेवढे मनावर घ्यावे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही मैदानावर आहोत. या.

जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी