रघुनाथ कोणता?

नाव एक म्हणून माणूस एक, हा न्याय सरकारी कचेरीत एक दिवसही चालत नाही. एकाच खात्यात एकाच नावाचे दोन नोकर असले, तर त्यांच्या वडिलांची नावे, जन्मतारखा, नेमणुकीच्या तारखा आणि खातेक्रमांक ताडून पाहिल्यावाचून कोणताही शहाणा कारकून एकाचा पैसा दुसऱ्याच्या नावे टाकीत नाही. शे-दोनशे रुपयांसाठी जी दक्षता आपण अवश्य मानतो, ती इतिहासाच्या आणि वाङ्मयाच्या नोंदींच्या बाबतीत मात्र अनेकांना अनावश्यक वाटते. ग्रंथालयाची यादी असो, हस्तलिखितांची सूची असो की दप्तरखान्यातील रुमालाचे टाचण असो, नाव जुळले की माणूस जुळला असा निर्वाळा बेधडक दिला जातो. हा प्रघात निरुपद्रवी नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे; आणि त्याचा दाखला ज्या जबलपुरात मी नोकरीनिमित्त राहतो, त्याच्याच आसपास आहे.

'रघुनाथ' हे एकच नाव घ्या. या मुलखाच्या कागदपत्रांत ते किती जणांचे आहे? थोरल्या बाजीरावांचे पुत्र राघोबादादा हे रघुनाथरावच. गोविंदपंत बुंदेल्यांचे नातू, सागरचा कारभार पाहणारे आबासाहेब, हेही रघुनाथराव. झाशीचे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर निराळे, आणि १८३५ ते १८३८ या काळात झाशीच्या गादीवर असलेले रघुनाथराव त्यांहून निराळे. पिता राजा शंकरशहा यांच्यासह ज्यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच जबलपुरात तोफेच्या तोंडी देण्यात आले, ते गोंडवंशीय रघुनाथशहा तर मराठीही नव्हेत. अशा मुलखात नुसत्या 'रघुनाथ' या शब्दाखाली कागद एकत्र बांधणे म्हणजे पाच घरांचे धान्य एकाच कणगीत ओतणे होय.

ही भीती काल्पनिक नाही. आचार्य रामचंद्र शुक्ल यांचा १९२९ साली प्रसिद्ध झालेला 'हिंदी साहित्य का इतिहास' हा त्या विषयातील अधिकारी ग्रंथ. रीतिकालातील थोर कवी पद्माकर यांच्या चरित्रात आचार्य सांगतात की, संवत् १८५६ मध्ये कवी साताऱ्याच्या महाराज रघुनाथरावांकडे, म्हणजे प्रसिद्ध राघोबांकडे गेले आणि हत्ती, लाख रुपये व दहा गावे मिळवून आले. आता हिशेब करू. संवत् १८५६ म्हणजे इसवी सन १७९९. राघोबादादा १७८३ सालीच कोपरगावी निवर्तले होते. शिवाय ते साताऱ्याचे महाराज कधीच नव्हते; त्या गादीवर तेव्हा छत्रपती दुसरे शाहू होते. म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, जी गादी त्यांची नव्हती तिच्यावर बसून, राघोबांनी कवीचा सत्कार केला असे मानावे लागते! याच वर्षी सागरला रघुनाथराव आबासाहेब हयात होते. ते १८०२ साली वारले. काळ जुळतो, नाव जुळते, आणि पद्माकरांचा सागरशी संबंध सर्वश्रुत आहे. दान कोणाचे, याचा उलगडा होण्यास यापरते काय हवे?

आचार्यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. परंतु या गफलतीने कोणाचे नुकसान झाले, ते पाहण्यासारखे आहे. राघोबांचे काही गेले नाही. उलट न केलेल्या दानाचे पुण्य त्यांच्या पदरी पडले. गेले ते सागरच्या आबासाहेबांचे. घरापासून शेकडो कोस दूर, परभाषी मुलखात राहून तिथल्या भाषेच्या कवीचा मान राखणारा एक मराठी कारभारी नामशेष झाला. बदलीच्या गावी बिऱ्हाड थाटणाऱ्या आपल्यासारख्यांना हा माणूस राघोबांपेक्षा अधिक जवळचा वाटावा. परंतु नामसाम्याचा नियमच असा की, मोठे नाव धाकट्या नावाला गिळते. धाकट्याने मोठ्याला गिळल्याचे उदाहरण विरळा.

वाङ्मयातही हाच प्रकार आहे. 'नलदमयंतीस्वयंवर' लिहिणारे रघुनाथपंडित आणि ज्यांच्या सांगण्यावरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला ते शिवकालीन रघुनाथपंत हणमंते यांना एक ठरविण्याचा मोह काही अभ्यासकांना झाला होता. त्यामागे नामसाम्यापेक्षा भक्कम आधार किती, हा प्रश्न मागाहून आला. नामदेवांच्या गाथेत तर सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांची रचना मिसळलेली आहे. ज्यांनी ओवीबद्ध महाभारत रचिले, त्या कवीची पदे 'नामा' या दोन अक्षरांपायी दुसऱ्याच्या खाती जमा व्हावीत आणि तीनशे वर्षांचे अंतर कोणाच्या ध्यानी येऊ नये, याला भक्ती म्हणावे की बेपर्वाई?

यावर पहिला आक्षेप असा की, जाणत्याला संदर्भावरून माणूस ओळखता येतो. यादीवाल्याने एवढी चिकित्सा कशाला करावी? आमच्या नामपद्धतीचे ज्याला भान आहे, तो असे म्हणणार नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत आहे. बाळाजी विश्वनाथांचे नातू बाळाजी बाजीराव, आणि पहिल्या बाजीरावांचे नातू दुसरे बाजीराव. जबलपूर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते. त्या काळाच्या बहुतेक भागात गादीवर दुसरे रघुजी. पण पहिले रघुजी १७५५ साली वारले आणि तिसरे १८१८ ते १८५३ पर्यंत होते. कागदावर नुसते 'रघुजी भोसले' असेल, आणि सूचीकाराने सालाविना तेवढेच उतरून घेतले, तर जाणत्याने संदर्भ आणायचा कुठून? तो संदर्भ टिपून ठेवणे हेच तर सूचीकाराचे काम. समान नावांच्या ग्रंथकारांना जन्मवर्षासारखा भेदक तपशील जोडावा, ही शिस्त रंगनाथन यांच्या १९३४ च्या सूचीसंहितेपासून आपल्या ग्रंथपालांना परिचित आहे. उणीव नियमाची नाही, पालनाची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भेद करण्याच्या हौसेनेही अनर्थ होतात, असे म्हणतात. आणि ते खरे आहे. शिवराम एकनाथ भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग रचणारे वेगळे, असा पक्ष मांडला. तो बहुतेकांनी मानला नाही. तेव्हा फोडणाऱ्यालाही पुरावा हवाच. परंतु दोन चुका सारख्या नसतात. एका माणसाच्या दोन नोंदी चुकून वेगळ्या राहिल्या, तर पुरावा मिळताच त्या शेजारी ठेवून मध्ये एक शेरा लिहिला की काम भागते. दोन माणसांच्या नोंदी एकदा मिसळल्या, की कोणता कागद कोणाचा ही खूणच पुसली जाते. आणि चूक दिसत नाही म्हणून ती दुरुस्तही होत नाही. भारद्यांचा पक्ष निदान उघड होता, म्हणून त्याला उत्तर देता आले. मुकाट्याने झालेल्या मिसळणीला उत्तर कोण देणार? म्हणून सिद्ध करण्याचा भार जोडणाऱ्यावर असावा, वेगळे ठेवणाऱ्यावर नव्हे.

तिसरा आक्षेप आजच्या काळचा. आता संगणक आहे. नाव घातले की देशोदेशीच्या नोंदी क्षणात पुढे येतात, मग हा काथ्याकूट कशाला? उत्तर सोपे आहे. यंत्र अक्षरे जुळवते, माणसे नव्हे. जी मिसळण पूर्वी एका कपाटापुरती होती, ती आता एका क्षणात साऱ्या जगाची होते. ज्यांनी ही यंत्रे चालविली, त्यांना हे आपल्याआधी उमगले. म्हणून २०१२ पासून संशोधकांना नावाऐवजी 'ऑर्किड' हा सोळा अंकी क्रमांक देण्याची व्यवस्था झाली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, एका नावामागची माणसे निरनिराळी ओळखता आली नाहीत, तर ती नोंद 'भेद न ठरलेली' अशी खूण करूनच ठेवण्याची प्रथा होती. अज्ञान लपविण्यापेक्षा त्यावर शिक्का मारणे केव्हाही प्रामाणिक! पण जिवंत संशोधक स्वतःचा क्रमांक मागून घेईल. सागरचे आबासाहेब तो कोणाकडे मागणार? त्यांच्या वतीने बोलणारे कोणी असेल, तर ते सूची करणारेच.

आणि या मुलखात ते काम आपल्याकडे येते. १९५६ साली नागपूर महाराष्ट्राकडे वळण्याच्या वाटेला लागले आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, तेव्हापासून सागर-जबलपूरच्या मराठी अमदानीचा इतिहास दोन प्रांतांच्या मध्ये पडला आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराला तो दूरचा, भोपाळला तो परभाषेचा. मराठी मंडळांच्या ग्रंथालयांत, देवस्थानांच्या वह्यांत आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर जे काही उरले असेल, त्याची यादी करण्याचा प्रसंग आला, तर ती बहुधा आपल्यापैकीच कोणी सुटीच्या दिवशी बसून करील. त्याने एवढेच करावे: नावासमोर वडिलांचे नाव, गाव आणि साल लिहावे, जे कागदात नसेल ते रिकामे सोडावे, तर्काने भरू नये, आणि दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे वाटले, तर कशावरून वाटले ते एका ओळीत नोंदवावे. याला पांडित्य लागत नाही. रोज दहा ते साडेपाच आपण दुसऱ्यांच्या सेवापुस्तकांत जे करतो, तेवढेच लागते.

जिवंत माणसाचा पैसा चुकीच्या खाती गेला, तर तो अर्ज करतो, वर दाद मागतो, आणि कधी ना कधी ती रक्कम परत मिळवितो. मेलेल्या माणसाला अर्ज करता येत नाही. त्याचे कर्तृत्व त्याच्याच खाती राहू देणे, हे आपल्या पेशाला न शोभणारे काम खासच नव्हे.